चाळिशीनंतर एडीएचडीचे निदान झाले, तर पुढे काय करावे

माझ्या कारखान्याच्या दारात एका हायड्रॉलिक सिलिंडरचे बिडाचे झाकण अकरा दिवस पडून होते. काम दोन तासांचे होते, लेथ रिकामे होते, ड्रॉइंग टेबलावर होते आणि गिऱ्हाइकाचा रोज फोन येत होता. मी रोज सकाळी त्या झाकणाकडे पाहून "आज पहिले हेच" असे ठरवत होतो आणि संध्याकाळी शटर ओढताना ते जागचे हललेले नसे. बेळगावच्या उद्यमबागेत मी बावीस वर्षे जॉबवर्क करतो. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मला एडीएचडीचे, म्हणजे अवधान आणि आवेग यांवर ताबा न राहण्याच्या विकाराचे, निदान झाले. त्याआधी सहा वर्षे मी चिंता आणि नैराश्य यांची औषधे घेत होतो. त्यांनी झोप सुधारली, रडू थांबले, परंतु झाकण दारातच राहिले.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी या पट्ट्यातील ज्या मराठी माणसांना मोठ्या वयात हे निदान झाले आहे किंवा आपल्यालाही असेच काही असावे अशी शंका येत आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच असतो, मात्र त्या निर्णयापर्यंत कसे पोहोचावे आणि नंतरचा दिवस कसा बांधावा, हे मी तीन वर्षे करून पाहिले आहे. त्यातून मला पटलेली मुख्य गोष्ट अशी की लक्ष लागेल असे गृहीत धरून दिवस आखू नये. ते लागणार नाही असे गृहीत धरूनच सगळी व्यवस्था लावावी. औषधासह बाकीचे सर्व उपाय या एका गृहीतकावर उभे राहतात.

आधी हे काय आहे ते समजून घ्या

या विकारात लक्ष नसते असे नाही; ते कुठे जाईल यावर आपला हुकूम चालत नाही. नव्या मशीनचे मॅन्युअल मी रात्री दोनपर्यंत वाचू शकतो आणि त्याच रात्री तीन ओळींचे चलन लिहायचे राहते. बाहेरून पाहणाऱ्याला यात आवडनिवड आणि आळस दिसतो. प्रत्यक्षात महत्त्व कळूनही काम सुरू होत नाही, सुरू झाले तर मध्येच सुटते आणि वेळेचा अंदाज सतत चुकतो. मोठ्या वयात धावपळ दिसत नाही, कारण ती आत गेलेली असते: मन सतत चालू, बोलताना दुसऱ्याचे वाक्य तोडणे, रांगेत उभे राहणे नको वाटणे, क्षुल्लक गोष्टीवर भडकणे.

अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएसएम-५ या निकषपुस्तिकेनुसार सतरा वर्षे आणि त्यावरील वयाच्या व्यक्तीत अवधानाच्या अभावाची किंवा अतिचंचलता-आवेगाची किमान पाच लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ असावी लागतात, त्यांपैकी काही बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात आणि त्यांचा त्रास घर, काम, शिक्षण यांपैकी निदान दोन ठिकाणी व्हावा लागतो. पूर्वीच्या आवृत्तीत ही वयाची अट सात वर्षांची होती. मोठ्या माणसांत याचे प्रमाण शंभरात साधारण दोन-तीन मानले जाते. "हे सगळे मोबाइलमुळे" असे आपल्याकडे सहज म्हटले जाते, पण लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांची वर्णने १९०२ मध्येच मांडली होती. मोबाइलने या विकाराला खाद्य मात्र भरपूर दिले.

निदान इतके उशिरा का होते, याचे एक कारण आपल्या घरांच्या रचनेत आहे आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. एकत्र कुटुंबात आठवण ठेवण्याचे काम वाटून घेतलेले असते. आई हाक मारून उठवते, थोरला भाऊ बिले भरतो, वहिनी डबा हातात देते, वडील हिशेब पाहतात आणि ज्याच्या डोक्यात काहीच टिकत नाही त्याचेही बरे चालते. पुढे वाटण्या होतात, आई जाते, भाऊ पुण्याला स्थायिक होतो आणि तीसएक वर्षे इतरांनी उचललेले ओझे एका दिवसात आपल्यावर येते. माझे गाडे वयाच्या अडतिसाव्या वर्षी, आई गेल्यानंतरच्या सहा महिन्यांत, पूर्ण घसरले. डॉक्टरांनी ते दुःख आणि चिंता म्हणून पाहिले, आणि त्यात त्यांची चूक नव्हती, कारण मी त्यांना फक्त शेवटच्या सहा महिन्यांची हकिकत सांगितली होती.

बायकांच्या बाबतीत हे आणखी झाकले जाते. मुलींमध्ये धावपळीपेक्षा हरवलेपण अधिक दिसते, त्या वर्गात त्रास देत नाहीत आणि म्हणून कोणाच्या नजरेत येत नाहीत. माझ्या मावसबहिणीला एकेचाळिसाव्या वर्षी निदान झाले. तोवर तिला सासरी "धांदरट" हे एकच विशेषण होते, आणि गौरी-गणपतीच्या चार दिवसांत ती दरवर्षी आजारी का पडते, हे कोणी विचारले नव्हते.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीची तयारी

तपासणीला हात हलवत जाऊ नका. दोन पाने लिहून न्या, कारण तिथे बसल्यावर नेमके काहीच आठवत नाही. पहिल्या पानावर लहानपण लिहा: कोणत्या इयत्तेत काय होत असे, वस्तू हरवत का, उत्तर येत असूनही पेपर अर्धा सुटत असे का. जुनी प्रगतीपुस्तके घरात असतील तर ती शोधा. माझ्या पाचवीच्या पुस्तकात वर्गशिक्षकांचा शेरा होता, "हुशार आहे, परंतु चित्त थाऱ्यावर नाही", आणि डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. आई-वडील नसतील तर थोरली बहीण, आत्या किंवा शेजारच्या काकू यांना विचारा आणि शक्य असल्यास त्यांच्यापैकी एकाला सोबत न्या. आपल्याला स्वतःविषयी न आठवणाऱ्या गोष्टी त्यांना लख्ख आठवतात.

दुसऱ्या पानावर गेल्या वर्षभरातील घटना लिहा, विशेषणे नकोत. "मी विसराळू आहे" असे लिहिण्यापेक्षा "जीएसटीचे विवरणपत्र पाच वेळा उशिरा भरले आणि दिवसाला ५० रुपयांप्रमाणे विलंब शुल्क दिले", "गॅसवर दूध ठेवून महिन्यातून तीनदा बाहेर गेलो", "किल्ली शटरलाच राहिली" असे लिहा. शब्दांबाबतही एक सावधगिरी बाळगा. आपल्याकडे कोणताही मानसिक त्रास "टेन्शन" या एका शब्दात बसवण्याची पद्धत आहे, आणि तो शब्द उच्चारला की पुढची सगळी चौकशी चिंतेच्या दिशेने जाते. टेन्शन आहे म्हणून कामे राहतात, की कामे राहतात म्हणून टेन्शन येते, याचे उत्तर घरूनच ठरवून जा. समोरचे डॉक्टर कन्नडभाषक असतील आणि आपले कन्नड बाजारापुरते असेल, तर संकोच न करता हिंदी-मराठीत बोला किंवा दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाला घेऊन जा. या विकाराचे निदान रक्ताच्या चाचणीने किंवा स्कॅनने होत नाही, ते मुख्यतः बोलण्यातून होते, त्यामुळे भाषा अडली की निदानही अडते.

जागतिक आरोग्य संघटनेची अठरा प्रश्नांची एक स्वयंचाचणी आहे आणि तिचे पहिले सहा प्रश्न प्राथमिक चाळणीसाठी वापरले जातात. ती जरूर भरा; परंतु तिच्यावरून निदान ठरत नाही, फक्त पुढे तपासावे की नाही एवढेच ठरते. थायरॉइड, रक्तक्षय, घोरण्यामुळे मोडणारी झोप, दारू, नैराश्य आणि बायपोलर विकार यांतूनही लक्ष विस्कटते, म्हणून डॉक्टरांनी हे आधी तपासले तर कंटाळू नका.

कुठे जावे

औषध लिहून देण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ लागतात. मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि समुपदेशन करतात. बेळगावात जिल्हा रुग्णालयाला जोडलेली बिम्स ही सरकारी संस्था आणि नेहरूनगरातील केएलईचे रुग्णालय या दोन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत. धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे आणि बेळगावहून सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी परतता येते. निपाणी-चिकोडीकडच्या लोकांना कोल्हापूर जवळ पडते. गुंतागुंतीच्या प्रकरणी बेंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहेच. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी असतो, याची चौकशी करून ठेवा.

जाण्यापूर्वी फोन करून एकच प्रश्न विचारा: "मोठ्या माणसांचा एडीएचडी तिथे तपासला जातो का?" हा विकार फक्त मुलांचा आणि वयाबरोबर जाणारा, असे वैद्यकातही दीर्घकाळ मानले जात होते. मला एका ठिकाणी पाच मिनिटांत "तुम्ही स्वतःचा कारखाना चालवता, म्हणजे तुम्हाला हे असूच शकत नाही" असे सांगून परत पाठवण्यात आले. त्या वाक्यामुळे माझी दोन वर्षे गेली. तुम्हाला असे उत्तर मिळाले तर दुसरे मत घ्या आणि ते महिनाभरात घ्या, कारण आपल्या स्वभावात महिन्याची दोन वर्षे होतात. कुठून सुरुवात करावी हेच समजत नसेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, ती चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते.

औषधाविषयी

भारतात मोठ्या माणसांसाठी प्रामुख्याने दोन औषधे वापरली जातात: मिथाइलफेनिडेट आणि अॅटोमॉक्सेटिन. मिथाइलफेनिडेट उत्तेजक वर्गातील आहे आणि ते घेतल्यापासून तासाभरात परिणाम दाखवते. साध्या गोळीचा असर तीन-चार तास आणि सावकाश विरघळणाऱ्या गोळीचा साधारण आठ ते बारा तास राहतो. अॅटोमॉक्सेटिन उत्तेजक नाही, ते रोज घ्यावे लागते आणि त्याचा पुरता परिणाम दिसायला चार ते आठ आठवडे लागतात, म्हणून पंधरा दिवसांत "गुण येत नाही" म्हणून ते सोडू नये. मिथाइलफेनिडेटने भूक मंदावते, झोप लांबते, नाडी आणि रक्तदाब थोडा वाढतो. अॅटोमॉक्सेटिनने मळमळ, तोंडाला कोरड आणि काही पुरुषांना लघवीला त्रास होतो. तरुण वयात अॅटोमॉक्सेटिनच्या सुरुवातीला मनात आत्महत्येचे विचार येऊ लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. छातीत दुखणे, भोवळ, घरात कोणाचा लहान वयात हृदयविकाराने झालेला मृत्यू, काचबिंदू, पूर्वी आलेला उन्मादाचा (मेनियाचा) झटका, यांपैकी काहीही असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

मिथाइलफेनिडेटवर कायद्याचे नियंत्रण आहे. ते औषध नियमांतील एक्स अनुसूचीत आणि १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीतही येते, त्यामुळे चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो आणि प्रत्येक दुकानात ते मिळत नाही. दुकानदाराने आपल्याकडे संशयाने पाहिले तर अपमान मानू नका. त्याला नोंदवही ठेवावी लागते. रुग्णालयाच्या आवारातील दुकानात आधी चौकशी करा, आणि दहा गोळ्या शिल्लक असताना नवीन पाकीट आणण्याची आठवण फोनमध्ये घालून ठेवा. विसरण्याच्या आजारावरील औषधच आणायचे विसरते, हा अनुभव माझ्यासह अनेकांचा आहे. कोल्हापूर किंवा गोव्याकडे जाताना चिठ्ठी आणि बिल सोबत ठेवावे.

गोळीने काय होते, हे मी पहिल्या आठवड्यातील एका प्रसंगावरून सांगतो. सहा ब्रॉन्झ बुशांची मापे घ्यायची होती. मी मायक्रोमीटर उचलला, पहिला बुश मोजला, आकडा लिहिला, दुसरा मोजला, लिहिला, आणि सहावा आकडा लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आले की मधल्या वेळात मी चहा सांगायला गेलो नव्हतो, फोन उघडला नव्हता आणि दुसऱ्या मशीनवर काय चालले आहे ते पाहायला उठलो नव्हतो. सहाही आकडे एकाच शाईत, एकाखाली एक होते. मी त्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिलो. इतरांना हे रोज असेच जमते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले.

परंतु गोळी सवय देत नाही. तिच्या असरात तुम्ही चुकीच्या कामालाही तितक्याच निष्ठेने चिकटून बसता, म्हणून गोळी घेण्यापूर्वी दिवसाचे पहिले काम कागदावर लिहिलेले असावे. न्याहारी आधी करा, नंतर गोळी घ्या, कारण नंतर भूक लागत नाही आणि दुपारी चारला हात थरथरू लागतात. एकादशीचे किंवा श्रावणी सोमवारचे उपवास करत असाल तर ते डॉक्टरांना सांगा. गोळीबरोबर दिवसाचे सात-आठ चहा चालू ठेवले तर धडधड वाढते. मी ते दोनवर आणले.

तंबाखूविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे. निपाणीच्या परिसरात तंबाखू शेतात, वखारीत आणि खिशात असते, आणि तिचा बार लावला की काम सुचते असे सांगणारी माणसे आपण रोज पाहतो. निकोटिनमुळे लक्ष काही मिनिटांपुरते खरोखर एकवटते, आणि हा विकार असलेल्यांत निकोटिनचे व्यसन इतरांपेक्षा जास्त आढळते. मी एकोणिसाव्या वर्षापासून तंबाखू मळत होतो आणि ती सोडण्याचे सर्व प्रयत्न कामाच्या वेळी मोडत होते. उपचार सुरू झाल्यावर ती सोडणे प्रथमच शक्य कोटीतले वाटले, तरीही आठ महिने लागले. दारूबाबत आडपडदा न ठेवता डॉक्टरांना खरे प्रमाण सांगा.

निदानानंतरचे पहिले महिने

पहिल्या दिवशी सुटका वाटते. पंधरवड्याने राग येतो आणि त्याच्या मागून शोक येतो: अकरावी सायन्समध्ये मराठी माध्यमातून एकदम इंग्रजीत गेल्यावर जे वर्ष वाया गेले त्याचा, मोडलेल्या भागीदारीचा, मुलाच्या अंगावर केलेल्या आरडाओरडीचा. हा शोक खरा आहे आणि तो घाईने आवरू नये. या काळात धंदा बदलणे, नोकरी सोडणे, नात्यातला जुना हिशेब चुकता करणे असे मोठे निर्णय निदान तीन महिने पुढे ढकला. मन फारच खचले, जगणे नको वाटले, तर ते घरातल्या एका माणसाला आणि डॉक्टरांना लगेच सांगा. १४४१६ हा क्रमांक अशा रात्रींसाठीही आहे.

जुन्या चुकांकडे पाहण्याची एक रीत मला उपयोगी पडली. मी वहीच्या पानावर मध्ये रेघ मारली आणि एका बाजूला विकारामुळे झालेले, दुसऱ्या बाजूला मी जाणूनबुजून केलेले, असे लिहीत गेलो. उशीर, विसर, अर्धवट कामे पहिल्या बाजूला गेली. उशीर झाल्यावर सांगितलेली खोटी कारणे दुसऱ्या बाजूला गेली. पहिल्या बाजूबद्दल मी स्वतःला बोल लावणे थांबवले, दुसऱ्या बाजूबद्दल तीन माणसांची माफी मागितली. पण ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या दृष्टीने दोन्ही बाजू सारख्याच, याचा विसर पडू देऊ नका. निदान हे स्पष्टीकरण आहे, राहिलेले पैसे तरीही द्यावे लागतात.

घरी सांगताना विकाराचे नाव नंतर सांगा, आधी घडलेल्या गोष्टी सांगा. माझ्या पत्नीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी तुमची वहीच होते की." त्यात राग नव्हता, थकवा होता, आणि त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर आम्ही ठरवले की आठवण करून देण्याचे काम तिच्याकडून काढून घ्यायचे आणि ते भिंतीवर, फोनवर, खिळ्यावर सोपवायचे. पाहुण्यांत आणि गल्लीत सगळ्यांना सांगत सुटण्याची गरज नाही. "डोक्याची गोळी चालू आहे" एवढे वाक्य लग्नाच्या बैठकीपर्यंत पोहोचते हे आपण जाणतो, त्यामुळे सांगण्यात संयम ठेवला तर त्यात लपवाछपवी नाही. मात्र सख्ख्या भावंडांना आणि मुलांच्या बाबतीत जोडीदाराला जरूर सांगा. या विकारात आनुवंशिकतेचा वाटा जुळ्यांच्या अभ्यासांत ७० ते ८० टक्के आढळला आहे, आणि तुमच्यामुळे एखाद्या भाच्याचे निदान दहाव्या वर्षी होऊ शकते.

दिवसाची बांधणी

कारखान्यात प्रत्येक कामाला जॉबकार्ड असते: काय करायचे, कोणत्या मापाचे, कधी द्यायचे. कारागिराने ते डोक्यात ठेवावे अशी अपेक्षा कोणी करत नाही. मी स्वतःच्या आयुष्याला मात्र कधी जॉबकार्ड लावले नव्हते. आता कोणतेही काम मध्येच सोडताना मी त्यावर सुतळीने एक चिठ्ठी बांधतो आणि तिच्यावर पुढची नेमकी कृती लिहितो. "झाकण पूर्ण करणे" असे लिहिले तर ते पुन्हा अकरा दिवस पडेल. "उलटे पकडणे, फेसिंग २ मिमी, मग ड्रिल" असे लिहिले की दुसऱ्या दिवशी हात आपोआप चकपर्यंत जातो. सुरुवात करण्याची अडचण मुख्यतः पहिली हालचाल ठरवण्याची असते, आणि ती आदल्या दिवशी, काम डोळ्यांसमोर असताना, ठरवून टाकता येते. स्वयंपाकघरातही हे चालते. मावसबहीण रात्री ओट्यावर पाटी ठेवते आणि तिच्यावर फक्त सकाळच्या पहिल्या तीन कृती लिहिते.

जे दिसत नाही ते आपल्यासाठी उरत नाही, म्हणून कपाटे आणि ड्रॉवर यांवर भरवसा ठेवू नका. किल्ली, पाकीट आणि गोळ्या यांची दाराजवळ एकच उघडी जागा असावी, आणि हातातली वस्तू तिच्या जागेशिवाय अन्यत्र टेकवायची नाही हा नियम घरात सर्वांनी पाळावा. फोनच्या गजरात नुसती वेळ नको, कृती लिहा: "उठ, हेल्मेट घे, बँकेत जा". निघण्याच्या वेळेचा गजर लावा, पोहोचण्याच्या वेळेचा नव्हे.

एकट्याने न होणारे काम कोणी नुसते शेजारी बसले तरी होते, हे अनेकांना सांगूनही पटत नाही. माझा पुतण्या दर महिन्याच्या १५ तारखेला संध्याकाळी त्याचा अभ्यास घेऊन ऑफिसात येतो आणि समोरच्या खुर्चीत बसतो. त्या दोन तासांत मी विक्रीची बिले लावून जीएसटीची तयारी करतो आणि २० तारखेच्या आत विवरणपत्र जाते. तो माझ्या कामात बोट घालत नाही. त्याच्या असण्याचा तेवढा धाक पुरतो. भिशीचे हप्ते मी कधी चुकवले नाहीत, कारण तिथे दहा माणसे वाट पाहत असतात; म्हणून जमेल तिथे कामाला माणूस जोडा. ज्याला माणूस जोडता येत नाही, ते यंत्रावर सोपवा: हेस्कॉमचे विजेचे बिल, विम्याचा हप्ता, कर्जाचा हप्ता बँकेतून आपोआप जाऊ द्या.

सीमाभागातील आपल्या आयुष्यात आणखी एक खास अडचण आहे, ती म्हणजे कन्नडमधून येणारे कागद. मला कन्नड बोलता येते, वाचायला मात्र अक्षर अक्षर लावावे लागते, आणि ज्या कामाला असा नेट लागतो त्यापासून या विकाराचे मन प्रथम पळते. एका कार्यालयाची नोटीस मी न वाचता खणात टाकली होती आणि तिची मुदत संपल्यानंतर चार महिन्यांनी ती सापडली. आता टेबलावर एक लाल ट्रे आहे. आलेला प्रत्येक कन्नड कागद, समजो वा न समजो, त्यात जातो आणि दर गुरुवारी शेजारचा कन्नड माध्यमात शिकणारा मुलगा तो वाचून दाखवतो. मी त्यावर मराठीत एक ओळ आणि तारीख लिहितो. वीस मिनिटे लागतात. ज्यांचे जमीन, रेशन किंवा पेन्शनचे कागद कन्नडमध्ये येतात त्यांनी ही सोय आधी करावी, बाकीचे नंतर.

रागाबाबत माझी प्रगती सावकाश आहे. कारागिरावर ओरडण्याआधी जागा सोडायची, नळावर जाऊन तोंड धुवायचे आणि मग परतायचे, एवढे एकच मी करतो, आणि दहातून सहा वेळा ते जमते. गोळीचा असर उतरताना संध्याकाळी चिडचिड वाढते, हे घरच्यांना सांगून ठेवा. खरेदीसाठी पाच हजारांपुढील वस्तू दोन रात्री थांबून घ्यायची असा नियम पुरे आहे. महामार्गावर दुचाकी चालवताना फोन डिकीत ठेवा. या विकारात अपघातांचे प्रमाण अधिक असते आणि औषध चालू असताना ते कमी होते असे मोठ्या अभ्यासांत दिसले आहे, म्हणून निपाणी-कोल्हापूरसारख्या प्रवासाच्या दिवशी गोळी चुकवू नका.

ही व्यवस्था मोडेल, हेही धरून चाला. नवी वही, नवा फळा तीन आठवडे नवा असतो आणि मग डोळ्यांना दिसेनासा होतो. तेव्हा स्वतःला दोष न देता फळ्याची जागा बदला, खडूचा रंग बदला, गजराचा आवाज बदला.

औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि वाढवूही नका. योग्य मात्रा ठरायला दोन-तीन महिने लागतात, त्या काळात रक्तदाब, नाडी आणि वजन आठवड्यातून एकदा लिहून ठेवा. आरोग्य विमा असेल तर त्याची कागदपत्रे तपासून घ्या, कारण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखेच संरक्षण देणे बंधनकारक केले आहे. पुढच्या भेटीची तारीख दवाखान्याच्या पायऱ्या उतरण्यापूर्वी फोनमध्ये घाला, आणि त्या दिवशी तीन गोष्टी बरोबर न्या: आठवड्यांचे आकडे, संपत आलेल्या गोळ्यांचे पाकीट आणि मागील महिन्यात कोणती कामे शेवटपर्यंत गेली व कोणती दारातच राहिली, याची यादी.